वड, वाडा आणि सूत : तांब्यावरच्या एका एचिंगच्या प्रकल्प नोंदी

वडोदरा. पत्रा तांब्याचा, ३० × ४५ सेंमी, उभा. शाई एकच, काळी. तंत्र : एचिंग, म्हणजे पत्र्यावर ॲसिड अडवणारा मेणाचा थर (ग्राउंड) देऊन सुईने रेघा उघडायच्या, उघडं तांबं द्रावणाला खाऊ द्यायचं (बाइट), मग त्या रेघांत शाई भरून प्रेसमध्ये कागदावर छाप घ्यायचा. इथे कडक थर म्हणजे हार्ड ग्राउंड, थोडा मऊ, दाबलेल्या वस्तूचा ठसा घेणारा सॉफ्ट ग्राउंड, आणि राळेच्या कणांनी करड्या छटा देणारं ॲक्वाटिंट.

१८ नोव्हेंबर : मांडणी

प्रसंग वटपौर्णिमेचा. डावीकडे वड, मध्यावर वाड्याचा लाकडी खांब, उजवीकडे नऊवारी नेसलेल्या तीन बायका सूत गुंडाळत फेऱ्या घालताहेत. वडाच्या पारंब्या उतरत उतरत खांबाच्या पन्हळींत (उभ्या खाचांत) मिसळतात आणि त्याच रेघा तळखड्यापाशी (खांबाखालच्या दगडापाशी) नेसूच्या निऱ्या होतात. सुताचे फेरे झाड, खांब आणि कमरा या सगळ्यांवरून आडवे जातात.

खांब, हस्त (तुळईला आधार देणारं लाकूड) आणि तुळई यांची प्रमाणं रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याच्या लाकूडकामावरून घेतली. पारंब्यांची रेखाटनं कमाटीबागेतल्या वडांची. पारंबी जमिनीला टेकण्याआधी टोकाशी झुपकेदार असते आणि टेकल्यावर खोडासारखी सरळ, जाड होते. या दोन अवस्था एकाच कागदावर शेजारी शेजारी काढून ठेवल्या, कारण पारंबीचा खांब नेमका या बदलाच्या जागी करायचा आहे.

माणूस, इमारत आणि झाड एकत्र आणताना नेहमी होणारा घोटाळा असा : माणसं नाजूक रेघेत, इमारत मध्यम, झाड गडद. मग तिन्ही गोष्टी कापून चिकटवल्यासारख्या सुट्या दिसतात. या पत्र्यावर नियम एकच. रेघेची खोली वस्तूवरून ठरवायची नाही, उजेडावरून ठरवायची. उजेड वरून डावीकडून येतो. पारंबी सावलीत असेल तिथे खोल, उन्हात आली की उथळ, पुन्हा निरीच्या घडीत शिरली की खोल. म्हणजे एकाच रेघेला तीन-चार वेगवेगळे बाइट मिळणार. काम वाढतं, पण जोड तिथेच बसतो.

छाप उलटा येतो हे इथे फार जपायला हवं. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर. पत्र्यावर तो डावाच काढला तर छापात उजव्या खांद्यावर येईल आणि वडोदऱ्यात बघणाऱ्याला तो सरळ गुजराती पदर वाटेल. त्यामुळे मूळ चित्र सुलट काढून प्रेसमधून पत्र्यावर उलटं उतरवायचं.

२१ नोव्हेंबर : पत्रा

जस्ताऐवजी तांबं घेण्याचं कारण निऱ्या. जस्तावर नायट्रिक ॲसिड रेघेला खाली खातं तसं बाजूलाही खातं. शेजारच्या दोन खोल रेघांमधली भिंत कोसळली की तिथे एक सपाट खड्डा उरतो, आणि पुसताना त्यातली शाई निघून जाऊन करडा डाग छापतो. फेरिक क्लोराइड तांब्यात बऱ्यापैकी सरळ उतरतं, म्हणून दाट उभ्या रेघा टिकतात. शिवाय तांब्यावरचा पांढरा स्वच्छ राहतो. सुतासाठी तो लागणारच.

१८ गेजचा पत्रा म्हणजे सुमारे १.२ मिमी. या मापाचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. तांबं वजनावर मिळतं, तेव्हा हिशेब त्यावर करावा. पत्रा उजेडाला तिरका धरून पाहायचा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो भाग कापून टाकलेला बरा, घासून काढताना तिथे खळगा होतो.

चारही कडा कानशीने ४५ अंशांत उतरवल्या, मग स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) आणि बर्निशर (दाबून गुळगुळीत करायचं हत्यार). धार राहिली तर प्रेसमध्ये कागदावर घालायचं लोकरी ब्लँकेट कापलं जातं आणि कडेला शाई साचून काळी चौकट छापते. पृष्ठभागासाठी वॉटर पेपर ४००, ८००, १२०० या क्रमाने, प्रत्येक वेळी आधीच्या दिशेला काटकोनात. शेवटी मेटल पॉलिश.

तेलकटपणा काढायला खडूची पूड आणि अमोनियाचे थेंब. परीक्षा सोपी : नळाखाली धरल्यावर पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे. पाणी कुठे फाटलं, थेंब झाले, तर तिथे अजून तेल आहे आणि ग्राउंड तिथूनच सुटणार.

२४ नोव्हेंबर : द्रावण

ट्रे प्लास्टिकचा, आतून ४० × ५५ सेंमी. स्टीलचा ट्रे चालत नाही, फेरिक तो खातं. एकूण ५ लिटर : ४० टक्क्यांचं तयार फेरिक क्लोराइड ४ लिटर, आणि पाऊण लिटर कोमट पाण्यात पाव किलो सायट्रिक ॲसिड विरघळवून ते त्यात. इथल्या किराणा दुकानात ते ‘लिंबूना फूल’ म्हणून सुटं मिळतं.

सायट्रिक घालण्याचं कारण गाळ. नुसत्या फेरिकमध्ये बाइट होताना रेघेत गाळ बसतो आणि खालचं तांबं झाकतो. म्हणून पूर्वी पत्रा पालथा टांगायची पद्धत होती. सायट्रिकने गाळ विरघळत राहतो, पत्रा उताणा ठेवता येतो आणि वेळही कमी लागतो. तरी दर पाचेक मिनिटांनी ट्रे हलवायचाच.

हे द्रावण जस्ताला वापरायचं नाही. जोरात तापतं आणि हायड्रोजन सुटतो. स्टुडिओत दोन्ही धातू असतील तर ट्रेवर ठळक लिहून ठेवावं. हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. फेरिकचा डाग कपड्यावरून आणि फरशीवरून जात नाही.

२७ नोव्हेंबर : कसोटीची पट्टी

त्याच पत्र्याच्या कापलेल्या तुकड्यावर. द्रावणाचं तापमान २६ अंश. रेघा १०, २०, ४० आणि ८० मिनिटं. १० मिनिटांची रेघ केसासारखी, छापात करडी. ४० ची स्वच्छ काळी. ८० ला रेघ बोटाला उठावदार लागते. सकाळच्या थंडीत द्रावण १६ अंशांवर जातं तेव्हा याच परिणामाला दीडपट ते दुप्पट वेळ लागतो. म्हणून बाइट दुपारीच घ्यायचे आणि थर्मामीटर ट्रेजवळ ठेवायचा. घड्याळ एकटं पुरत नाही.

१ डिसेंबर : हार्ड ग्राउंड आणि चित्र उतरवणं

ग्राउंड : ॲस्फाल्टम (डांबरासारखा पदार्थ) २ भाग, मधमाशीचं मेण २ भाग, राळ १ भाग, वजनाने. आधी मेण मंद आचेवर, मग राळ, शेवटी ॲस्फाल्टम थोडं थोडं. उघड्या आचेवर करू नये, पेट घेतं. पाण्यात ओतून गोळे वळले.

गरम पत्र्यावर गोळा फिरवून रोलरने पातळ पसरवला. रंग मधासारखा पारदर्शक तपकिरी दिसला की जाडी बरोबर. काळपट दिसला तर जाड झाला, सुईने काढताना कपच्या उडतात. नंतर पत्रा पालथा धरून खालून मेणबत्त्यांचा धूर दिला. ज्योत ग्राउंडला टेकू द्यायची नाही, सतत फिरती ठेवायची. एका जागी थांबली की ग्राउंड जळतं, तिथला भाग मॅट होतो आणि द्रावणात सुटतो. चांगला धुरावलेला ग्राउंड गार झाल्यावर चकचकीत काळा दिसतो.

पेन्सिलीचं चित्र मऊ शिसाने ट्रेसिंगवर. ते पालथं ठेवून हलक्या दाबाने प्रेसमधून काढलं. काळ्या ग्राउंडवर शिसं करड्या चमकीत उतरतं, आपोआप उलटं. पदर पत्र्यावर उजव्या खांद्यावर आलेला दिसला, म्हणजे छापात डावीकडे.

६ डिसेंबर : रेखाटन

सुईने फक्त ग्राउंड उघडायचा, तांबं खणायचं नाही. सुई रुतली की त्या रेघेत बाइट लवकर सुरू होतो आणि शेजारची मागे राहते. ८० मिनिटांच्या बाइटसाठी दोन रेघांत किमान ०.७ मिमी अंतर ठेवलं. उथळ भागात ०.३ चालतं.

पारंबीपासून खांब होण्याच्या जागेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. पारंबी गोल असते, तिच्यावर छोट्या आडव्या वळ्या येतात. खांबाची पन्हळ सपाट आणि अखंड. थेट जोडलं तर सांधा दिसतो. उपाय असा : वळ्यांचं अंतर खाली येताना हळूहळू वाढवत न्यायचं, वक्र सपाट करत न्यायचा, आणि जिथे वळ्या संपतात तिथे उभ्या रेघांची संख्या बदलू द्यायची नाही. पारंबीच्या पाच रेघा असतील तर पन्हळीच्याही पाचच आणि निरीच्याही पाच. डोळा त्या पाच रेघा धरून खाली उतरतो, वस्तू कधी बदलली ते त्याला मागाहून कळतं.

सुताच्या जागी सगळ्या रेघा तोडल्या. सूत पांढरं हवं आणि एचिंगमध्ये पांढरी रेघ काढता येत नाही, ती राखावी लागते. एक मिमीचा पट्टा मोकळा सोडला, दोन्ही बाजूंच्या रेघा त्याच्यापर्यंत येऊन थांबतात. सूत पिळाचं असतं, म्हणून पट्ट्याच्या कडा पट्टीने आखलेल्या नाहीत. मागच्या बाजूने जाणारा फेरा पट्ट्याची रुंदी ०.६ वर आणून दाखवला.

९ डिसेंबर : टप्प्यांचे बाइट

पाठ पॅकिंग टेपने झाकली. कडांवर स्टॉप-आउट (बाइट अडवणारा लेप) : स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, त्यात थोडा रंग, म्हणजे लावलेलं दिसतं.

पहिल्या १० मिनिटांनंतर पत्रा बाहेर. दूरची पानं, गालांच्या कडा, खांबाची उजेडातली बाजू, निऱ्यांचे वरचे काठ झाकले. मग आणखी १२ मिनिटं, आणि हातांची बोटं, तुळईखालचा मध्यम भाग झाकला. मग २० मिनिटं. शेवटी ढोलीची सावली, पारंब्यांमागचा अंधार आणि निऱ्यांच्या घड्या तेवढ्या उघड्या ठेवून ४० मिनिटं.

प्रत्येक टप्प्यात पत्रा धुऊन वाळवला, लाख पूर्ण सुकू दिली. वाळताना उघडं तांबं काळवंडतं आणि परत द्रावणात गेल्यावर बाइट तुकड्या-तुकड्यांत सुरू होतो. म्हणून पाव लिटर व्हिनेगरमध्ये चमचाभर मीठ, त्यात पत्रा अर्धा मिनिट, पुन्हा पाणी, मग ट्रे. ही पायरी वगळली की रेघा मध्येच तुटलेल्या छापतात.

वरच्या उजव्या कोपऱ्यात फाउल बाइटचे (नको तिथे झालेल्या बाइटचे) बारीक ठिपके आले. तिथे रोलर वळतो आणि ग्राउंड पातळ राहतो. ठिपके झाडाच्या सालीवर असते तर राहू दिले असते, इथे आकाश आहे. बर्निशरला तेल लावून दाबून काढले.

१३ डिसेंबर : पहिला प्रूफ

प्रूफ म्हणजे तपासणीचा छाप, साध्या कार्ट्रिज कागदावर. रेघा नीट उतरल्या. मधल्या बाईच्या खांद्यामागे मात्र झाड आणि खांब एकाच करड्यात आले आणि खांदा हरवला. खांद्याची बाह्यरेषा गडद करणं हा सोपा मार्ग, पण त्याने ती बाई चित्रातून कापून काढल्यासारखी होईल. मागचा टोन (छटा) ॲक्वाटिंटने गडद करायचं ठरलं.

इटालियन एचिंगकार पिरानेसीच्या काल्पनिक तुरुंगांच्या एचिंगमालिकेचा इथे उपयोग होतो. १७५० च्या सुमाराची पहिली आवृत्ती मोकळी, हलकी. १७६१ ला त्याच पत्र्यांवर पुन्हा काम करून तो सावल्या खूप गडद करतो. पहिला बाइट थोडा कमी ठेवला तर नंतर वाढवता येतो. जास्त झालेला बाइट मागे आणायचा तर स्क्रेपर घेऊन बसावं लागतं.

१७ डिसेंबर : सॉफ्ट ग्राउंड, पान आणि कापड

हार्ड ग्राउंडमध्ये एकतृतीयांश पेट्रोलियम जेली मिसळली. थंडीत जास्त लागते, मे महिन्यात इतकी घातली तर ग्राउंड बोटाला चिकटतो. वडाचं ताजं पान थेट ठेवू नये. ते जाड असतं, देठातून चीक येतो, मधली शीर ग्राउंडला बाजूला ढकलते आणि पानाभोवती उघडी कड राहते. दोन दिवस ब्लॉटिंग पेपरमध्ये वजनाखाली दाबलेलं पान, शिरांची बाजू खाली, वर मेणकागद, हलका दाब. नऊवारीच्या अंगावर जुन्या सुती लुगड्याचा तुकडा दाबला. बाइट १५ मिनिटं. पोत रेघांच्या मागे राहायला हवा, पुढे आला की चित्र नमुन्यांचं पुस्तक वाटतं.

२१ डिसेंबर : ॲक्वाटिंट आणि सूत

राळ बारीक वाटून पेटीत. धूळ उडवल्यावर अर्धा मिनिट थांबायचं, मोठे कण खाली बसतात, मगच पत्रा आत. सुमारे निम्मा पृष्ठभाग झाकला गेला की पुरे. राळेची धूळ फुप्फुसाला वाईट आणि हवेत दाट झाली की स्फोटकही. मास्क घालावा, आसपास ज्योत नको. वितळवणं दुसऱ्या खोलीत.

खालून आच फिरवत राहायचं. पांढरी धूळ पारदर्शक होताना दिसते, तो बदल पत्र्यावर लाटेसारखा सरकतो. बदल झाला की आच पुढे न्यायची. जास्त वेळ राहिली तर कण एकमेकांत मिसळून मोठे ठिपके होतात आणि छापात पांढरे डाग.

सुतासाठी नेहमीची लाख चालत नाही. स्पिरिट राळेला विरघळवतं. रेघेच्या कडेला जिथे ते पाझरतं तिथले कण नाहीसे होतात, आणि त्या पट्टीत बाइट सपाट होऊन सुताला करडी किनार येते. म्हणून पाण्यातला ॲक्रेलिक रंग, दुधाइतका पातळ, रुलिंग पेनने. राळेच्या कणांमुळे कड किंचित खडबडीत येते आणि ती सुताला शोभते. दोन हात दिले, कारण एका हातात सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात.

जिथे टोन हळूहळू विरायला हवा तिथे (खांद्यामागची जागा, पारंबीचा उन्हातला भाग) लिथोची ग्रीस क्रेयॉन (दगडछपाईचा तेलकट खडू) घासली. कणांच्या माथ्यावर ती बसते आणि अर्धवट अडवते, कडा मऊ राहते.

वेळा : २० सेकंद, ४५ सेकंद, दीड मिनिट, ३, ६, १२ आणि सगळ्यात गडद भागाला २० मिनिटं, एकूण मोजून. कसोटीच्या पट्टीवर २० च्या पुढे काळा आणखी गडद झाला नाही, उलट फिका पडला. कणांखालचं तांबंही खाल्लं जातं, कण सुटतात आणि शाई धरायला खडबड उरत नाही.

ॲक्रेलिक धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात निघालं, राळ स्पिरिटने, क्रेयॉन रॉकेलने.

२७ डिसेंबर : दुसरा प्रूफ आणि बर्निशिंग

सूत स्वच्छ पांढरं. खांदा बाह्यरेषेशिवाय दिसतो, मागचा काळा त्याला पुढे ढकलतो. दोन ठिकाणी बर्निशर लागला : डावीकडच्या बाईचं कपाळ, आणि तळखड्याच्या दगडाची वरची कड. बर्निशर तेलात, गोल फिरवत, थोडं करून परत प्रूफ. चेहऱ्यावर ड्रायपॉइंट (ॲसिडशिवाय सुईने थेट तांबं ओरखडणं) वापरला नाही. त्याची उठलेली किनार दहा-वीस छापांत दबते आणि पहिला छाप व शेवटचा छाप सारखे राहत नाहीत.

३ जानेवारी : कागद, शाई, दाब

कागद सुती, ३०० ग्रॅमचा, ३५ × ५० वर नको, ५० × ७० पूर्ण. मोकळी जागा मोठी असली की गडद खोड श्वास घेतं. अर्धा तास पाण्यात, मग ब्लॉटिंगमध्ये दाबून. पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये. ओला राहिला तर शाई उचलत नाही, कोरडा पडला तर खोल रेघा मधून तुटतात.

शाई थंडीत घट्ट असते. पत्रा हात टेकवता येईल इतका कोमट, शाईत जवसाच्या तेलाचे मोजके थेंब. तेल जास्त झालं की काही दिवसांनी रेघेभोवती पिवळसर वलय येतं.

पुसणं खळ लावलेल्या जाळीच्या कापडाने, गोल फिरवत. निऱ्यांच्या दिशेने उभं पुसू नये, कापड खोल रेघेतली शाई ओढून नेतं. शेवटचा हात तळव्याने, खडू लावून, तिरका. सुताचे फेरे वेगळे, काडीला गुंडाळलेल्या चिंधीने, डावीकडून उजवीकडे. या कामात घाई केली तर सूत करडं छापतं आणि झाड व बायका यांना बांधणारी गोष्टच जाते. एका छापाला पाऊण तास धरावा.

ब्लँकेट तीन. कागदाला लागणारं पातळ ब्लँकेट खळ शोषून कडक होतं, ते धुऊन वाळवलेलं असावं. दाब तपासायला शाई न लावता पत्रा एकदा काढला, सगळ्यात खोल रेघ कागदाच्या पाठीवर बोटाला लागली की पुरे.

१२ जानेवारी : आवृत्ती

२० छाप. उत्तरायणचे (संक्रांतीचे) दोन दिवस प्रेस बंद, सगळे गच्चीवर, तेव्हा ओला कागद आधीच संपवला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन दिवसांवर ठेवला की बुरशीचे ठिपके येतात. छाप ब्लॉटिंगच्या थरांत, वर फळी, ब्लॉटिंग रोज बदलायचं. शाई वरून कोरडी वाटली तरी खोल रेघांत आठवडाभर ओली असते, म्हणून छाप एकमेकांवर ठेवताना मध्ये पातळ कागद.

१९ जानेवारी : पत्रा आणि द्रावण

पत्रा रॉकेलने धुऊन मऊ ब्रशने रेघा साफ केल्या. राहिलेली शाई सुकली की पुढच्या आवृत्तीत तेवढी रेघ उथळ होते. वर मेणाचा पातळ हात, कागदात गुंडाळून उभा ठेवला.

द्रावण तपकिरीवरून हिरवट होऊ लागलं आहे, वेळा वाढल्या आहेत. आणखी छोट्या पत्र्यांपुरतं चालेल. त्यानंतर ते मोरीत ओतायचं नाही, त्यातलं तांबं पाण्यातल्या जिवांना घातक आहे आणि इथला नाला शेवटी विश्वामित्री नदीला मिळतो. धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा, फेस बराच येतो म्हणून मोठी बादली. पीएच कागदावर ७ ते ८ आलं की रात्रभर ठेवायचं. गाळ तळाशी बसतो. तो कापडातून गाळून, वाळवून, बंद डब्यात नाव लिहून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा.